न प्यालेली कॉफी

माझ्या अक्षराबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंत झाली. त्यानंतर पेन हातात आलं ते वाण्याकडच्या सामानापुरतं आणि ह्यांना पत्र लिहिण्यापुरतं. वेलांटी पहिली की दुसरी, हे मी अंदाजाने देते आणि ओळ खाली घसरत जाते ती जातेच. हे मी कुणाला दाखवणार नाही, पण माझ्यामागे कुणाच्या हाती लागलंच तर त्याने चुका पोटात घालाव्यात. नावं मी कुणाचीच लिहिणार नाही. त्या राज्याचंही नाही. तिथे त्यांची माणसं अजून राहतात, आणि तिथली माणसं कागदावरच्या नावाला किती घाबरतात ते मी पाहिलेलं आहे.

माझा धाकटा भाऊ तेव्हा अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावी शिकत होता. भावजयही शिकत होती. त्यांना मुलगा झाला आणि त्याला सांभाळायला घरचं कुणी हवं म्हणून त्याने मला बोलावून घेतलं. आम्हाला मूलबाळ नव्हतं. हे आखातात नोकरीला होते, मी रत्नागिरीला सासरी. भाऊ पत्रात म्हणाला, ताई, तिथे तरी तू एकटीच आहेस, इथे ये. मी बर्फात येऊन पोचले. विमानात मी पाणीसुद्धा मागितलं नव्हतं, कारण कसं मागायचं ते ठरेपर्यंत विमान उतरलं.

आमचे हे एसीचे मेकॅनिक. आखातात एसी बंद पडला की घरात बसवत नाही, त्यामुळे ह्यांना मान होता. आधी दुकानं, बँका अशी कामं मिळत. मग त्यांच्या कंपनीला राजाच्या घरची कामं मिळाली. राजाचं घर म्हणजे एक घर नव्हे. त्याचे भाऊ, काका, पुतणे, प्रत्येकाचा वेगळा महाल, आणि पोलीस, सैन्य, तेल, बंदर असं सगळं त्यांच्यातच वाटून दिलेलं. ह्यांना आत जायला फोटो लावलेला पास होता. पहिल्या पत्रात ह्यांनी लिहिलं होतं, इथल्या राजाच्या पुतण्याला झोप लागावी म्हणून मी काल दिवसभर छतात पालथा पडून होतो.

नंतर त्या भागात दिवस वाईट आले. शेजारच्या दोन देशांची लढाई चाललेली होतीच. समुद्रात तेलाची जहाजं जळत होती. आसपास एक-दोन ठिकाणी स्फोट झाले आणि राजाच्या माणसांना प्रत्येक परक्याच्या पिशवीत बॉम्ब दिसायला लागला. ह्यांच्या पिशवीत पाने, पक्कड आणि गॅसची छोटी टाकी. शिवाय महालातली कुठली नळी कुठल्या खोलीत निघते हे ह्यांना पाठ. असा माणूस त्यांना धोक्याचा वाटला. नियम निघाला, की आतला पास असलेल्या परदेशी माणसांची चौकशी होईपर्यंत त्यांनी देश सोडायचा नाही. पास काढून घेतले. पासपोर्ट तर तिथे पहिल्यापासून मालकाकडेच ठेवतात. काम गेलं म्हणून मालकाने राहण्याचा परवाना वाढवून दिला नाही. म्हणजे जाता येत नाही, आणि राहणं बेकायदा. आणि असं राहण्याबद्दल रोजचा दंड चढत होता. चौकशी कोण करणार होतं, कधी करणार होतं, ते कुणाला ठाऊक नव्हतं. खोलीतला एक जण परवान्याशिवाय रस्त्यात सापडला, तो तुरुंगात गेला. तेव्हापासून हे दिवसा खोलीबाहेर पडत नव्हते.

हे सगळं मला ह्यांच्या पत्रातून कळलं नाही. तिथे पत्रं उघडतात. ह्यांच्या पत्रात फक्त हवा आणि तब्येत. खरी हकिगत तिथून सुटून मुंबईला आलेल्या एका ओळखीच्या माणसाने लिहून कळवली. ते पत्र भावाने मला वाचून दाखवलं आणि मग बराच वेळ भांडी घासली. एरवी तो भांडी घासत नसे.

भावाने खूप खटपट केली. आपल्या वकिलातीला इंग्रजीत पत्रं टाइप केली, कंपनीला फोन लावला. वकिलातीचं उत्तर आलं, की प्रकरण तिथल्या सुरक्षेचं आहे, वाट पाहावी. भाऊ चिडला. टीव्हीवर संध्याकाळच्या बातम्यांत त्या भागाचा नकाशा दाखवत. तो उठून काचेवर बोट ठेवी. त्याच्या नखाखाली ते सगळं राज्य झाकून जाई.

"ताई, हे बघ, भाऊजी इथे," तो म्हणे. "आणि हा इराणचा शहा इथे होता. एवढी मोठी फौज होती, तरी पळाला की नाही? ह्या लोकांचं पण भरत आलंय. पाच वर्षं, जास्तीत जास्त."

भावजय पुस्तकातून डोकं न काढता म्हणे, "तू तुझा थीसिस पाच वर्षांत संपव म्हणजे झालं."

तो हे राजांचं भाकीत कॅम्पसच्या बसमध्येही मोठ्याने करायचा. मला पाच वर्षं ऐकून धडकी भरे. राजा राहो नाही तर जावो, ह्यांना त्याच्या आधी निघायला हवं होतं.

आमच्याच बिल्डिंगमध्ये, जिन्याच्या समोरच्या दारात, त्याच राज्यातलं एक जोडपं राहत होतं. तो पेट्रोलियमचं शिकायला सरकारी स्कॉलरशिपवर आलेला, ती त्याच्याबरोबर आलेली, वयाने माझ्यापेक्षा बरीच लहान. आमची ओळख तळघरातल्या कपड्याच्या मशीनपाशी झाली. ती मशीनसमोर उभी, मी मशीनसमोर उभी, दोघींच्या हातात नाणी आणि दोघींनाही ती कुठे घालायची ते ठाऊक नाही. दोघींनाही कुणाला विचारायची लाज. शेवटी तीच हिंदीत म्हणाली, "तुम को मालूम?" मी म्हटलं, "नहीं." मग आम्ही दोघी हसलो. तिच्या माहेरी हैदराबादची आया होती, आणि हिंदी सिनेमे तिने माझ्यापेक्षा जास्त पाहिले होते. ती मला आपा म्हणायला लागली.

मी तिला शिरा दिला. ती वाटी रिकामी परत करेना, खजूर घालून आली. मी तरी तिची वाटी रिकामी कशी पाठवू? कांदेपोहे गेले. मग तिच्याकडून भात, माझ्याकडून थालीपीठ. रिकामं भांडं परत करायचं नाही हे दोन्ही घरांत असल्यामुळे ते थांबायचं कसं तेच कळेना. भाऊ म्हणायचा, "ही वाटी आता दोन राज्यांमधली आहे, हिला कुणी थांबवायचं नाही."

ह्यांची हकिगत मी तिला सांगितली, पण तिच्याकडे काही मागितलं नाही. तिनेही नुसतं ऐकून माझा हात धरून ठेवला. तिच्या नवऱ्याची स्कॉलरशिप सरकारच्या हातात. त्यांच्यातलाच एक विद्यार्थी इथलं सगळं त्यांच्या वकिलातीला कळवतो, असा त्यांना संशय होता. घरात सुद्धा राजाबद्दल बोलायचं झालं की ती नळ सोडत असे. अशा माणसांना अडचणीत घालायचं नाही, एवढं मला समजत होतं.

उन्हाळ्यात तिचे वडील डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे आले. ते राजाच्या पहाऱ्यातले जुने अंमलदार. राजाच्या वडिलांच्या वेळेपासून त्यांचीच टोळी महालाचं दार राखत होती. मग शेजारची लढाई सुरू झाली तेव्हा पोलीस आणि पहारा ज्याच्याकडे होता त्या राजाच्या पुतण्याने परदेशातून शिकवणारे गोरे लोक आणले, नवीन बंदुका आल्या, आणि ह्या जुन्या माणसांना गोदामांच्या फाटकावर बसवलं. बाबांनी राजीनामा दिला आणि त्यानंतर महालाची पायरी चढले नाहीत. राजाने दोनदा बोलावणं धाडलं, तरी गेले नाहीत. हे मला तिनेच सांगितलं होतं, नळ सोडून.

भाद्रपद आला. हरतालिकेचा उपास मी लग्नापासून निर्जळी करत आले. त्या वर्षी तर करायचाच होता. आदल्या दिवशी संध्याकाळी बिल्डिंगमागे मुलांना खेळायला वाळू टाकली होती तिथे वाटी घेऊन गेले. कुणी बघत नाही असं पाहून वाटीभर वाळू घेतली. वर पाहिलं तर ती खिडकीतून हात हलवत होती. मग तिला सगळं सांगावं लागलं, की ह्या वाळूची पिंड करायची, पत्री वाहायची, आणि उद्या दिवसभर पाणीसुद्धा प्यायचं नाही.

"किस के वास्ते?"

"नवऱ्यासाठी," मी म्हटलं. तिने मान डोलावली आणि कुठल्या झाडाची पानं चालतील ते विचारून मला मेपलची पानं तोडून दिली.

भाऊ म्हणाला, "ताई, मेपलची पत्री शंकराला चालते का ते कुठल्या पोथीत बघणार?"

मी म्हटलं, "त्याला कळेल तू लांब राहतोस ते."

हरतालिकेच्या दिवशी दुपारी पूजा झाली. भाऊ आणि भावजय युनिव्हर्सिटीत, मी भाच्याला घेऊन बसलेली. एवढ्यात ती दारात आली. बाबांची पट्टी आज बदलली, त्यांना बरं वाटतंय, आणि रोज जिच्या घरचं खातो ती बाई दाखव म्हणून हट्ट धरून बसलेत. पाच मिनिटं ये. मला नाही म्हणता येईना. भाच्याला कडेवर घेतलं आणि गेले.

त्यांच्या देशात बायका आणि पुरुष वेगळे बसतात. पण त्या फ्लॅटला हॉल एकच. तेव्हा एका कोपऱ्यात गालिच्यावर बाबा, समोरच्या कोपऱ्यात आम्ही दोघी, आणि मध्ये जावई कॉफीची किटली घेऊन. बाबा उंच, पांढरी दाढी, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. माझ्याकडे न बघता, भिंतीकडे बघून ते मुंबईच्या हिंदीत म्हणाले, "किधर का?"

"रत्नागिरी."

"रत्नागिरी," ते म्हणाले. "आंबा." मग तरुणपणी गलबतातून खजूर घेऊन मुंबईला कसे जायचे ते सांगायला लागले. तेल निघायच्या आधी आमच्याकडे तुमचाच रुपया चालायचा, म्हणाले. तेव्हा राजाला भेटायला पास लागत नसे, राजा दाराबाहेर सावलीत बसलेला असे.

बोलता बोलता जावयाने बिनकानाच्या छोट्या कपात कॉफी ओतून माझ्या हातात दिली. पिवळसर, वेलचीच्या वासाची. माझा उपास. नको म्हणावं तर तोंड उघडावं लागतं, आणि पुरुषांसमोर माझं तोंड उघडत नाही. मला वाटलं, कप खाली ठेवते, कुणाच्या लक्षात येणार नाही. मी तो माझ्यासमोर गालिच्यावर ठेवला आणि मान खाली घातली.

बाबा बोलायचे थांबले. जावई किटली हातात धरून तसाच उभा. बाबा मांडी सावरून ताठ बसले, खजुराची थाळी बाजूला सारली आणि म्हणाले, "बोलो, बेटी."

माझी काय चूक झाली मला कळेना. मी आणखी खाली पाहिलं.

"बोलो. शरम नहीं."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. खरं सांगायचं तर ते भुकेने आणि घाबरून आलं होतं. पण ती शेजारी बसली होती, तिने माझ्याकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं आणि वडिलांशी त्यांच्या भाषेत भराभर बोलायला लागली. जावई मध्येच काही बोलला, हळू पण कडक. ती थांबली नाही. मला फक्त एसी हा शब्द कळला.

बाबांनी मला विचारलं, "तुम्हारा आदमी चोरी किया?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

"किसी को मारा?"

"नहीं," ती म्हणाली. "मशीन ठंडा करता है, बस."

बाबांनी कपाकडे बोट केलं. मग म्हणाले, "पियो बेटी. वो आदमी घर जाएगा. मेरा शब्द."

कप तिथेच. मी काही उचलला नाही. त्यांनी वाट पाहिली. मग म्हणाले, "दंड का फिकर? दंड मैं भरेगा. पियो."

मी आणखी आकसले. भाचा कपाकडे हात करायला लागला, त्याला मी मागे ओढलं. बाबांना वाटलं, बाई पक्की आहे. "टिकट भी," ते म्हणाले. जावयाचा चेहरा पाहवत नव्हता. आणखी थोडा वेळ गेला असता तर बाबांनी मला काय दिलं असतं ते देवाला ठाऊक.

तेवढ्यात तिला एकदम वाळू आठवली. कानाशी येऊन म्हणाली, "आपा, आज रोज़ा?"

मी मान हलवली. तिने ओढणीचं टोक तोंडात घातलं, पण हसू काही दाबलं जाईना. तिने वडिलांना सांगितलं. बाबा डोळ्यावरची पट्टी हाताने धरून हसले. जावईसुद्धा हसला, पण त्याच्या हसण्यात काळजी होती.

तेव्हा मला त्यांची रीत कळली. पाहुण्याने कॉफीचा कप न पिता समोर खाली ठेवला, म्हणजे त्याचं काही मागणं आहे. घरधनी "पी, तुझं काम झालं" म्हणेपर्यंत तो पीत नाही. आणि न पिताच उठून गेला तर त्या घराची मान खाली जाते. सबंध टोळी त्या कपाला बांधलेली असते, ती म्हणाली. मी न बोलता, न कळता, राजाच्या जुन्या अंमलदाराकडे मागणं घालून बसले होते, आणि तीन वेळा नाकारून भाव वाढवत गेले होते.

मी तिला म्हटलं, बाबांना सांग, चुकून झालं, शब्द परत घ्या.

तिने सांगितलं. बाबांनी उत्तर दिलं ते तिने मला जसंच्या तसं हिंदीत सांगितलं. कप खाली ठेवलेला मी पाहिला. मी शब्द दिला. का ठेवला, तो तुझा आणि तुझ्या देवाचा मामला.

त्यांनी कपावर बशी झाकली आणि उद्या येऊन पी म्हणाले.

संध्याकाळी घरी सांगितलं तेव्हा भाऊ पोट धरून हसला. भावजय म्हणाली, "आम्ही एवढी लेटर्स टाइप केली, आणि ताईंनी एक कॉफी कॅन्सल केली." मग भाऊ गंभीर झाला. म्हणाला, "पण ताई, फार आशा धरू नकोस. रिटायर्ड माणूस आहे. तिथे आता सगळं त्या पुतण्याच्या हातात आहे." मला ते पटलं. आणि तरी त्या रात्री मला झोप चांगली लागली.

दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा करून उपास सोडला, सुक्या खोबऱ्याचे मोदक तळले आणि घेऊन गेले. ताजी कॉफी झाली. मी सकाळपासून मनाशी घोकून ठेवलं होतं. कप हातात घेतला आणि खाली ठेवला. ह्या वेळी जाणून. जावयाने किटली खाली ठेवली.

"अब क्या?" बाबा म्हणाले.

मी खाली बघूनच म्हटलं, "बाबा, दंडाचे पैसे आम्ही परत देणार. घेणार असाल तर पिते."

जावई पहिल्यांदाच माझ्याशी सरळ बोलला. "आपा, इतने बड़े आदमी को ऐसा नहीं बोलते," तो म्हणाला. पण बाबांनी त्याला हाताने गप्प केलं. माझ्याकडे, भिंतीकडे नव्हे, माझ्याकडे एका डोळ्याने पाहिलं. "पियो," म्हणाले. "लूँगा." कॉफी फार कडू होती. मी सगळी प्यायले.

त्याच आठवड्यात जावई जिन्यात भावाला थांबवून काही बोलला. भाऊ आत आला तो उतरलेल्या चेहऱ्याने. बसमध्ये राजांबद्दल बोलू नका, असं जावयाने हात जोडून सांगितलं होतं. तुमच्या पाच वर्षांच्या भाकितावर मी नुसती मान डोलावली तरी माझं शिक्षण बंद होईल, म्हणाला. आणि आता तर सासरे तुमच्या माणसासाठी जाणार आहेत. त्यानंतर भाऊ बसमध्ये हवामानावर बोलायला लागला. भावजय म्हणायची, ह्याची बोलती बंद करायला राजाच पाहिजे होता.

बाबा थंडी सुरू व्हायच्या आत परत गेले. जाताना मी डोक्यावर पदर घेऊन नमस्कार केला. मला बरं वाटत नव्हतं. ज्या महालाची पायरी चढणार नाही म्हणून त्यांनी एवढी वर्षं मान ताठ ठेवली, तिथे ते आता माझ्या एका कपापायी जाणार होते. तिला तसं म्हटलं तर ती म्हणाली, "आपा, जाने का बहाना चाहिए था उनको." ते खरं होतं की माझ्या समाधानासाठी होतं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढचं मला तिच्याकडून कळलं, बाबांच्या फोनवरून. तिथे आठवड्यातून एकदा राजा दरबार भरवतो. कुणीही जाऊन समोर उभं राहून आपलं म्हणणं सांगावं, ही जुनी पद्धत. आता दारात झडती होते, पण पद्धत आहे. बाबांची झडती त्यांनीच कधीकाळी भरती केलेल्या पोराने घेतली, खाली बघत. आत त्यांची पूर्वीची जागा राजाजवळची. ते तिथे गेले नाहीत, दारापाशी मागणं मागणाऱ्यांच्या रांगेत बसले. राजाने लांबून पाहिलं. त्यांची पाळी आली तेव्हा राजा म्हणाला, एवढ्या वर्षांनी आलास, ते स्वतःसाठी काही मागायला?

बाबा म्हणाले, एका एसीवाल्यासाठी.

तो तुझा कोण?

कुणी नाही. मी त्याला पाहिलेला नाही.

मग?

त्याच्या बायकोने माझ्या घरात कप खाली ठेवला.

दरबारात हसू पिकलं. राजाही हसला. पण तो पुतण्या तिथेच बसला होता, तो हसला नाही. तो म्हणाला, सुरक्षेच्या कामात असे अपवाद करता येत नाहीत, ह्या माणसाला महालाच्या सगळ्या नळ्या माहीत आहेत. बाबा म्हणाले, मला सगळी दारं माहीत आहेत. मी घरी बसलो आहे, मला तू कधी बॉम्ब समजलास?

ह्यावर राजाने पुतण्याकडे पाहिलं. मग त्याने सांगितलं, की ह्या माणसाची चौकशी आजच करा. दंड मात्र माफ केला नाही. दंड पुतण्याच्या खात्याचा होता, आणि एका दिवसात पुतण्याच्या दोन गोष्टी मोडल्या तर तोही राजाचं घर सोडून बसेल, हे बाबांनाच कळत होतं. त्यांनी ते मागितलंही नाही. दंड स्वतः भरला, तिकीट काढलं.

ह्यांची चौकशी म्हणजे एका खोलीत बसवून नाव, गाव आणि वडिलांचं नाव विचारलं, एवढीच. मग मालकाकडून पासपोर्ट आला. हे मुंबईला उतरले आणि तिथून त्यांनी भावाकडे फोन केला. फोनवर मला काही बोलता आलं नाही. हे म्हणाले, "ऐकतेस ना?" मी हो म्हटलं. "इथे फार उकडतंय," हे म्हणाले. मग आम्ही दोघं हवेबद्दल आणि तब्येतीबद्दल बोललो. तेवढीच सवय राहिली होती.

सगळे म्हणाले, आता तू घरी जा. मलाही जायचं होतं, फार जायचं होतं. पण मुंबईच्या पगारात तो दंड फिटायला कितीतरी वर्षं गेली असती, आणि बाबांना मी शब्द देऊन बसले होते. भावाने व्हिसा परत वाढवून आणला. मी तिथल्या आपल्या विद्यार्थ्यांना पोळ्या करून द्यायला लागले. ही सगळी एकेका खोलीत चौघं-पाच जण राहणारी मुलं, भात आणि ब्रेडला कंटाळलेली. मला त्यांच्याशी बोलावं लागत नसे. ते दारात डबा ठेवून जात, संध्याकाळी भरलेला घेऊन जात. एक नागपूरचा मुलगा मात्र रोज दाराबाहेरून ओरडून सांगे, "मावशी, तिखट नाही आलं अजून." मी आतूनच हसत असे. भाऊ म्हणाला मी उरलेले भरतो. मी नको म्हटलं, तेव्हा तो रागावला, मग कणकेची पोती गाडीतून आणून द्यायला लागला. हे मुंबईला एका थंड गोदामात लागले होते, तिथून तेही पाठवत.

पैसे मी तिच्याकडे देत असे, ती ते तिकडे पोचते करी. त्या टर्मला तिच्या नवऱ्याची स्कॉलरशिप फार उशिरा आली. कारण कुणी सांगितलं नाही, आणि त्याने विचारलं नाही. त्यांची ओढाताण चाललेली मला दिसत होती, म्हणून एकदा मी म्हटलं, ह्या महिन्याचे पैसे तुम्हीच वापरा, बाबांना मी नंतर देईन. ती तोंड फिरवून म्हणाली, "वो बाबा का अमानत है, आपा." मग मी पैसे तिकडेच जाऊ दिले, आणि त्यांच्या दारात रोज चार पोळ्या ठेवायला लागले. त्या त्यांनी घेतल्या. जावई जिन्यात भेटला की छातीवर हात ठेवून सलाम करी. त्याच्या मनात माझ्याबद्दल राग असायला जागा होती, पण मला तो कधी दिसला नाही.

पुढच्या वर्षी बर्फ वितळून झाडांना पालवी आली तेव्हा शेवटचे पैसे जमले. मी ते पाकिटात घालून तिच्याकडे नेले. तिने माझ्यासमोरच वडिलांना फोन लावला आणि फोन माझ्या कानाला दिला. बाबांचा आवाज लांबून, थांबत थांबत येत होता. त्यांनी ह्यांची तब्येत विचारली. मी चांगली आहे म्हटलं. त्यांच्या डोळ्याचं मी विचारलं. ते म्हणाले, दिसतं. मग मी म्हटलं, "बाबा, आज शेवटचे दिले."

"हाँ बेटी," ते म्हणाले, "मिल गया समझो. कुछ बाकी नहीं."

महिन्याभराने ते पैसे पोचल्याचा निरोप आला, आणि आमचं सगळं देणं फिटलं.